बास्केटखालचा खो

माझ्या पप्पांना बास्केटबॉल हा खेळच मान्य नव्हता. ठाण्याला असताना ते ऑफिसच्या टीममधून क्रिकेट खेळायचे, आणि त्यांच्या मते जगात खेळ तो एकच, बाकीचे सगळे शाळेच्या पी.टी.चे प्रकार. त्यात माझी पंचाईत अशी, की बास्केटबॉलमध्येसुद्धा मी जे काम करायचे ते त्यांना समजावून सांगणं महाकठीण. तू मैदानाच्या रेघेबाहेर उभी राहतेस? हो. तिथून बॉल आत फेकतेस? हो. आणि मग? मग कुणीतरी बास्केट टाकतं. कुणीतरी म्हणजे तू नाही? मी नाही. इथवर आलं की पप्पा चहाचा कप बशीत ठेवायचे आणि आईकडे बघून म्हणायचे, "म्हणजे आपली मुलगी आठवड्यातून तीनदा घामाघूम होऊन येते ती बॉल आणून द्यायला."

 आईचं लक्ष कुकरकडे असायचं. इस्राएलातल्या नेतिवोत गावी आमच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कुकर हाच खरा घरमालक होता. ठाण्याहून निघताना आईने पप्पांचे चांगले कोट मागे ठेवले, पण कुकर आणला, वर दोन जादा रिंगा आणल्या. त्याची शिट्टी झाली की खालच्या मजल्यावरची मोरोक्कन बाई जिन्यात येऊन विचारायची, सगळं ठीक आहे ना? तिच्या घरातून जिऱ्याचा आणि गोड मिरचीचा वास यायचा, आमच्या घरातून लसणीच्या फोडणीचा, आणि शुक्रवारी दुपारी जिन्यात दोघांची मारामारी व्हायची. शुक्रवारी मासळीचं कालवण ठरलेलं. ओला नारळ मिळायचा नाही, म्हणून आई सुकं खोबरं गरम पाण्यात भिजवून, चोळून, पिळून त्याचं दूध काढायची, आणि काढताना दर वेळी नव्याने अलिबागच्या नारळांची आठवण काढायची. मग गावात शब्बाथचा, म्हणजे आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस सुरू झाल्याचा, भोंगा व्हायचा, गॅस बंद, बॉल पलंगाखाली, आणि शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत मी त्याच्याकडे बघायचंही नाही. मी पायाच्या अंगठ्याने त्याला पलंगाखाली हळूच गोल फिरवायची. ते चालतं की नाही हे मी आजतागायत कुणा रब्बीला विचारलेलं नाही.

आमच्या मुलींच्या टीमची कोच ल्युदमिला. त्या वर्षांत रशियाकडून माणसांचा नुसता लोंढा येत होता, त्यात ती आमच्या गावाच्या वाट्याला आली. उंच, हाडकुळी, गळ्यात शिट्टी, आणि हिब्रू आमच्या आईपेक्षाही कच्चं. मी टीममध्ये सगळ्यांत बुटकी. पळण्यात मागे, उडी म्हणाल तर नावालाच. पण मला फेकता यायचं. ठाण्याच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पप्पांनी मला एका रिकाम्या रॉकेलच्या डब्यावर नेम धरून फेकायला शिकवलं होतं, स्टंप समजून. ल्युदमिलाने पहिल्याच दिवशी माझे दोन-चार थ्रो पाहिले आणि निकाल दिला: "तू बाहेर उभी राहा. तुझे हात चांगले आहेत. बाकीचं नाही." मला इतका आनंद झाला की तिने अपमान केला हे घरी पोचेपर्यंत लक्षातच आलं नाही.

काम काय, ते सांगते. आपण ज्या बास्केटवर हल्ला करतो, तिच्याच खाली बॉल रेघेबाहेर गेला आणि तो आपल्याला मिळाला, की बाहेर उभं राहून पाच सेकंदांत आत द्यायचा. बास्केट दोन पावलांवर. म्हणजे ही अक्षरशः ताटात वाढलेली संधी. आतल्या चौघी आधी ठरवलेल्या जागी उभ्या राहतात आणि बाहेरचीने हाक दिली की एकदम हलतात. एक दुसरीच्या आड येते, तिसरी सुटते, आणि त्या सुटलेल्या हातात बॉल पडला पाहिजे, ना आधी ना नंतर. अशी वेळ आली की ल्युदमिला मला बाकावरून उठवायची. मी आत जायचे, म्हणजे बाहेर जायचे, बॉल द्यायचे, आणि पुढची शिट्टी झाली की परत बाकावर. कधीकधी माझं बूड बाकावर गार व्हायच्या आत मी परत उभी असायची.

सुरुवातीला आमच्या हाका म्हणजे हिब्रू आकडे होते. ते वाळवंटातल्या मित्स्पे रामोन गावच्या मॅचला उघडे पडले. तिथे वारा असा, की हॉलची दारं आपोआप उघडायची, आणि दाराशी दोन रानबकरे उभे राहून मॅच बघत होते, खोटं नाही सांगत. माझं लक्ष बकऱ्यांकडे, आणि समोरच्या मुलींचं लक्ष माझ्या तोंडाकडे. मी 'दोन' म्हटलं की त्या आधीच तिथे जाऊन उभ्या. परतीच्या बसमध्ये ल्युदमिला रशियन भाषेत खिडकीशी बोलत बसली होती.

तोडगा सापडला तो आमच्या स्वयंपाकघरात. माझ्या टीममधल्या ओल्गा आणि मेराव सरावानंतर आमच्याकडे यायच्या, कारण आमच्याकडे खायला मिळायचं. ओल्गा म्हणजे ताडमाड, तिला कुकरची शिट्टी झाली की जागच्या जागी थांबायची सवय, रेफरीची वाटायची. मेराव खालच्या मजल्यावरच्या त्या मोरोक्कन बाईंची मुलगी, चपळ आणि तोंडाळ. आई सकाळी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांशी हिब्रू बोलून दमलेली असायची, म्हणून घरात आल्यावर सगळ्यांना मराठीतच हुकूम. ओल्गाला डबा देऊन 'वर ठेव'. मेरावला 'मागे हो, तेल उडेल'. 'खाली बस'. 'थांब जरा'. दोन महिन्यांत दोघींना हे शब्द असे पाठ झाले की आईने 'वर' म्हणायच्या आत ओल्गाचा हात वर. एके दिवशी तिचा तो हात बघूनच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. 'वर' म्हणजे ओल्गाला उंच पास. 'खाली' म्हणजे टप्पा देऊन. 'मागे' म्हणजे लांब उभ्या मेरावला. 'थांब' म्हणजे सगळ्यांनी पुतळे व्हायचं आणि समोरच्यांनी हलायचं. ल्युदमिलाने ही कुठली भाषा विचारलं. मी म्हटलं, आमच्या घरची. ती म्हणाली, उत्तम, शत्रूच्या घरची नाही ना.

आणि मग आईने स्वतःच नाक खुपसलं. ती शाळेत खो-खो खेळायची, जिल्ह्यापर्यंत गेली होती, हे मला तोवर माहीतही नव्हतं. आम्ही जेवणाच्या टेबलावर लिंबं मांडून कुणी कुठे हलायचं ते ठरवत होतो. आईने ओल्या हाताने लिंबं हलवली. "सगळ्या एकाच बाजूला तोंड करून काय उभ्या राहता? एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. आणि मागचीने पाठीत थाप द्यायची, खो म्हणायचं, की पुढची सुटली. समोरच्याला कळणारच नाही कोण उठणार." मेरावने विचारलं, खो म्हणजे काय? आईने तिला उभं केलं, पाठ फिरवायला लावली आणि अशी सणसणीत थाप दिली की मेराव थेट बाथरूमच्या दारापर्यंत गेली. "कळलं? पाठ दिसली की खो. बाकी काही नाही त्यात."

आता इतकं सगळं जमून आलं, आम्ही मॅचेस जिंकायला लागलो, आणि माझ्या नावावर गुण किती? शून्य. पप्पा प्रत्येक वेळी विचारायचे, किती टाकले? आणि मी प्रत्येक वेळी तेच उत्तर द्यायची. शेवटी मोसम संपत आला तेव्हा त्यांनी निर्णय दिला. पुढच्या वर्षी अभ्यास वाढणार, संध्याकाळचा गणिताचा वर्ग लावायचा, बास्केटबॉल बंद. मी रडले, आदळआपट केली, जेवले नाही; अर्ध्या तासाने जेवले. तेव्हा पप्पा जरा नमले. म्हणाले, "क्रिकेटमध्ये अकराव्या नंबरच्यालाही बॅट मिळते. अख्खं वर्ष शून्यावर नाबाद, हा काय खेळ झाला? एक बास्केट टाकून दाखव. एक. मग पुढच्या वर्षीचं बघू." मॅच एकच उरली होती, पेताह तिक्वाला. आणि माझं काम तर बॉल दुसऱ्यांना देण्याचं. गणिताचा वर्ग मला अगदी डोळ्यांसमोर दिसायला लागला, फळ्यासकट.

मॅच पेसाखच्या, म्हणजे वल्हांडण सणाच्या, मधल्या दिवसांत होती, कामाला सुट्टी, म्हणून आई-पप्पा दोघंही आले. पप्पा न्यायनिवाडा करायला आणि आई पप्पांवर लक्ष ठेवायला. बसमध्ये आईने उकडलेली अंडी, बटाट्याची भाजी आणि मात्सा, म्हणजे सणाची बिनखमिराची भाकरी, काढला, आणि पिशवीतून लिंबाच्या लोणच्याची बरणी. कोरडा मात्सा घशाखाली जायला लोणचंच पाहिजे, हे तिचं म्हणणं मला आजही शंभर टक्के पटतं. अख्ख्या बसला वास सुटला. ल्युदमिलाने दोन फोडी खाल्ल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तिसरी मागितली.

पेताह तिक्वाचा हॉल मोठा, जमीन चकचकीत, मुलींचे कपडे इस्त्रीचे. मला अडवायला त्यांनी एक सावळी, काटक मुलगी ठेवली होती, दोरित. ती माझ्यासमोर हात पसरून उभी राहिली. मी हाक दिली, "वर." आणि प्रेक्षकांतून एका बाईंचा खणखणीत आवाज आला, हिब्रूत: "वर देणार आहे! उंच मुलीकडे!" दोघी जणी धावत ओल्गावर. बॉल गेला. मला वाटलं, योगायोग. पुढच्या वेळी मी म्हटलं, "मागे." आवाज आला: "मागे! मागे बघा!" मी मान वळवून पाहिलं. तिसऱ्या रांगेत एक बाई, अंबाड्याला जाळी, मांडीवर पर्स उभी धरलेली, चेहरा अगदी आमच्या ठाण्याच्या सिनॅगॉगमध्ये बायकांच्या बाजूला दिसायचा तसा. म्हणजे बाई आमच्यासारखीच, मराठी जाणणारी, आणि दोरित दर आरोळीला तिच्याकडे मान वळवत होती, तेव्हा तिची आईच असणार. अख्ख्या इस्राएलात माझ्यासमोर उभं राहायला दोरितलाच यायचं होतं, आणि मॅच बघायला तिच्या आईला आजच.

मध्यंतरात ल्युदमिला म्हणाली, सोपं आहे, शब्द उलटे करा. वर म्हणजे खाली. मेरावने ते केलं. ओल्गाने केलं नाही, तिच्यात आईच्या स्वयंपाकघराची शिस्त इतकी मुरलेली की 'वर' ऐकताच हात वरच. मी खाली टप्पा दिला, तो ओल्गाच्या गुडघ्याला लागून रेफरीच्या पोटावर गेला. पुढच्या खेपेला मलाच आठवेना की आपण आज सरळ बोलतोय की उलटं. बाईंचा आवाज चालूच. आम्ही मागे पडत चाललो होतो आणि पप्पा हाताची घडी घालून छताकडे बघत होते.

बाकावरून उठवेपर्यंत मिळालेल्या वेळात मी कठड्यापाशी गेले आणि आईला म्हटलं, त्या बाईंना गप्प कर. आई म्हणाली, मी कशी गप्प करू, माझ्यापेक्षा मोठ्या दिसतायत. मग तिने क्षणभर विचार केला. पिशवीतून लोणच्याची बरणी आणि दोन मात्सा काढले, साडी नव्हती तरी पदर सावरल्यासारखा हात केला, आणि रांगा ओलांडत थेट त्या बाईंच्या शेजारी जाऊन बसली. पहिलं वाक्य मी ऐकलं. ते मला पाठ आहे. "तुम्ही आपल्यातल्याच ना? तुमचं माहेर कुठलं हो?"

बस्स. या प्रश्नाला उत्तर देऊन मॅच बघणारी आपली बाई अजून जन्मायची आहे. मॅच पुढे चालली, पण वरून आवाज येईना. मी एक डोळा तिकडे ठेवला होता. आधी बाईंनी नुसती मान हलवली. मग लोणच्याची फोड घेतली. मग पर्स मांडीवरून खाली गेली. मग पूर्ण आईकडे वळून बसल्या, मैदानाकडे पाठ. मग आई अर्धवट उठून हात हलवायला लागली, "अहो, इकडे या, लवकर या," आणि पप्पाही उठून तिकडे गेले. त्या बाई, एस्तरबाई, माहेरच्या थळकर निघाल्या होत्या. आणि आम्हीही थळकर, त्याच घराण्यातले.

हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की बॉल ओल्गाच्या हाताला न लागता, समोरचीच्या पायाला लागून, त्यांच्या बास्केटखाली बाहेर गेला आहे, आणि ल्युदमिला माझ्याकडे बोट दाखवते आहे. मी जाऊन रेघेबाहेर उभी राहिले. रेफरीने बॉल माझ्या हातात दिला. दोरित समोर, हात पसरलेले, इतकी जवळ की तिच्या तोंडाला येणारा संत्र्याचा वास मला येत होता. मी ओरडले, "थांब." आमच्या चौघी पुतळ्यासारख्या उभ्या. दोरितने अनुवादाची वाट पाहिली. अनुवाद येईना. तिच्या कपाळावर आठी आली. मनातल्या मनात मी सेकंद मोजत होते आणि तिच्या डोळ्यांत बघत होते, आणि मला अगदी स्पष्ट दिसलं की आता ही काय करणार. आपल्यातल्या कुठल्याही मुलीने जे केलं असतं तेच. मराठी कळलं नाही की आपण आईकडे बघतो. ती गर्रकन वळली आणि तिसऱ्या रांगेकडे तोंड करून हिब्रूत ओरडली, "इमा, काय म्हणाली ती?"

आणि माझ्यासमोर तिची पाठ. रुंद, घामेजलेली, मधोमध नंबर छापलेली. मी विचार वगैरे काही केला नाही. "खो," म्हटलं आणि बॉल त्या नंबरावर मारला. जोरात नाही, पप्पांनी डब्यावर मारायला शिकवला होता तसा, नेमका. तो तिच्या पाठीवरून माझ्याकडे परत आला तोवर मी रेघेच्या आत होते. नियमात बसतं ते. बॉल आतल्या माणसाला लागला की तो सगळ्यांचा. बास्केट डोक्यावर. मी दोन्ही हातांनी वर फेकला, बोर्डाला लागला, कड्यावर जरा रेंगाळला, कुणाला विचारून जातोय तसा, आणि जाळीतून खाली आला.

ओल्गाने मला उचललं. मेराव किंचाळत होती. ल्युदमिलाने शिट्टी तोंडात धरली होती, ती खाली पडली. मी ओल्गाच्या खांद्यावरून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. पप्पा दोन्ही हातांनी एस्तरबाईंचा हात धरून मान डोलवत होते. आई डोळे पुसत होती. तिघांपैकी एकाचंही तोंड मैदानाकडे नव्हतं.

मॅच आम्ही हरलो. संपल्यावर मी धावत वर गेले. एस्तरबाईंनी मला जवळ ओढून दोन्ही गालांचे मुके घेतले, म्हणाल्या, नात्याने मी तुझी आत्या, आणि मी मघापासून माझ्याच भाचीवर ओरडत होते, अगंबाई. मी पप्पांना म्हटलं, "पप्पा, टाकली." काय टाकलीस? बास्केट. केव्हा? त्यांनी आईकडे पाहिलं, आईने आत्याकडे पाहिलं, आत्याने बरणीकडे. मेराव आणि ओल्गा साक्ष द्यायला पुढे आल्या, पण पप्पा म्हणाले, तुमच्याच टीमच्या पोरी, तुम्ही तिच्याच बाजूने बोलणार. अंपायर नेहमी बाहेरचा लागतो. 

तेवढ्यात दोरित आली, लालबुंद, हात वळवून पाठ चोळत. तिने आमच्याकडे बघितलंही नाही. थेट स्वतःच्या आईला जाब विचारला. "इमा, खो म्हणजे काय?"

आत्या म्हणाली, खो? तुला कुणी खो दिला? दोरितने माझ्याकडे बोट केलं. हिने. माझ्या पाठीवर बॉल मारला, खो म्हणाली, आणि बास्केट टाकली. हे असं चालतं का?

आईने बरणीचं झाकण लावलं. "तोंडाने मोठ्याने म्हणाली ना?" दोरितने मान हलवली. "मग चालतं," आई म्हणाली.

पण पप्पांची उलटतपासणी राहिली होती. त्यांनी दोरितला हिब्रूत, अगदी सावकाश विचारलं, बास्केट पडलेली तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीस? दोरितला हा आणखी एक अपमान वाटला. तिचे डोळे भरून आले. "पडलेली पाहिली," ती म्हणाली. "मी वळले तेव्हा जाळीतून खाली येत होती."

पप्पांनी मोठा श्वास घेतला. साक्षीदार बाहेरचा होता, शत्रूपक्षाचा होता आणि वर रडत होता. त्याहून पक्की साक्ष कुठल्या कोर्टात मिळते?

आता मी स्वतः पेताह तिक्वालाच राहते, दोरितच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. लग्नकार्यात, नवसाच्या मलिद्याला, सगळीकडे आमची गाठ पडते. मराठी तिला अजून धड येत नाही, पण खो येतं. आणि रांगेत ती कधीही माझ्या पुढे उभी राहत नाही. हसत हसत मला पुढे करते आणि मागे थांबते.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये पप्पा माझ्या शेजारी बसले होते. आई मला आत्याच्या घरचं सगळं सांगत होती, कोण कुणाचं कोण, आणि मी ऐकल्यासारखं करत पप्पांकडे बघत होते. गणिताच्या वर्गाचं ते काही बोलेनात. मग त्यांनी वाकून माझ्या बुटांकडे पाहिलं. डाव्या बुटातून माझा अंगठा थोडा बाहेर आला होता.

"पायाचा नंबर किती झाला गं तुझा?" त्यांनी विचारलं.

मी एक नंबर वाढवूनच सांगितला, म्हणजे नवे बूट पुढची दोन वर्षं पुरतील.